रिव्हर्स पडत नव्हता

इंजिन बंद असलं की सगळे गिअर गुमान पडायचे. इंजिन चालू केलं, क्लचचं पेडल पार तळाला दाबलं आणि दांडा रिव्हर्सकडं ओढला, की घर्रर्र. दगडावर दगड घासल्यासारखा आवाज. वस्तीतली कुत्री उठून पळायची. मिस्त्री म्हणाला होता, गिअरबॉक्स गेला. सहा हजार पडतील.

सहा हजार. 1994 सालचे.

दोस्तांनो, जमिनीचा लढा तुम्हाला माहीत आहे. 1959 चा सत्याग्रह, मग 6 डिसेंबर 1964 पासून दादासाहेब गायकवाडांनी देशभर पेटवलेला, बायाबापड्यांनी लेकरं काखेत घेऊन भरलेले तुरुंग. ते तुम्ही भाषणात सांगता, सांगायलाच पाहिजे. मी एका बेअरिंगची गोष्ट सांगतो. मुठीत मावेल एवढं बेअरिंग. त्याच्यापायी आमची तेवीस एकर जमीन अडली होती.

आमचं गाव कळंब तालुक्यातलं. नाव सांगत नाही. आसपासच्या कुठल्याही गावाचं नाव घाला, गोष्ट बदलत नाही. 1941 साली फेब्रुवारीत बाबासाहेब कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषदेला आले, तेव्हा माझा आजा पायी चालत गेलता. परत आला आणि म्हणाला म्हणे, की आता गावाचं नको, आपलं काहीतरी पाहिजे. आपलं काहीतरी व्हायला पुढं चाळीस वर्षं गेली. बापाच्या पिढीनं गायरान धरलं. अकरा घरं, तेवीस एकर. मुरमाड, कुसळी गवताचं रान. दगड वेचून वेचून बायांच्या बोटांची नखं गेली.

नोव्हेंबर 1991 मध्ये सरकारनं निर्णय काढला, की भूमिहीन दलित-आदिवासींची शेतीसाठीची गायरानावरची अतिक्रमणं, 14 एप्रिल 1990 पर्यंतची, नियमित करावीत. कागद चांगला होता. पण कागदाला पुरावा लागतो. तलाठ्याच्या एक-ई नोंदवहीत नाव पाहिजे आणि रानात पीक पाहिजे. एक साल रान पडीक राहिलं की तलाठी 'पडीक' लिहून मोकळा. मग इतक्या वर्षांचा घाम कुणाला दाखवायचा?

त्यात 1994 उजाडलं. 14 जानेवारीला विद्यापीठाचा नामविस्तार झाला. 27 जुलै 1978 च्या ठरावापासून धरलं तर साडेपंधरा वर्षं, किती घरं जळाली, किती माणसं गेली, आणि शेवटी नामांतर नाही, नामविस्तार. तरी आम्ही पेढे वाटले. एप्रिलात जयंतीची मिरवणूक पहिल्यांदाच वेशीतून, चावडीपुढून काढली. मारामारी झाली नाही. त्याच्यापेक्षा वाईट झालं. गाव गप्प झालं.

बहिष्कार कुणी पुकारला नाही. दवंडी नाही, ठराव नाही. फक्त ट्रॅक्टर मिळेना. गावात पाच ट्रॅक्टर होते. एकाचं डिझेल संपलेलं. एकाचा ड्रायव्हर पाहुण्याला गेलेला. एकाचा नांगर मोडलेला, तोच नांगर दुसऱ्या दिवशी त्याच्याच रानात चालताना आम्ही पाहिला. असल्या गोष्टीची फिर्याद कुठल्या ठाण्यात द्यायची ते मला कुणी सांगावं. वस्तीत मिळून दोन बैलजोड्या. त्यातली एक म्हातारी. मुरमाची नांगरट बैलाचं काम नव्हे.

मग वस्तीनं ठरवलं, आपलाच घ्यायचा. आण्णानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, ढोकीकडच्या एका ऊस वाहतूकदाराचा जुना मॅसी 1035 काढला. अडतीस हजार. दोन म्हशी गेल्या, एका वहिनीच्या गळ्यातलं गेलं, पुण्याला बांधकामावर असलेल्या पोरांनी पैसे धाडले. लाल रंग उडालेला, बॉनेट तारेनं बांधलेलं. पण इंजिन ठणठणीत. स्वस्त का मिळाला ते उघड होतं. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढून क्लच प्लेट जळाली होती. इंजिन बोंबलायचं आणि गाडी जागची हलायची नाही.

मी तेव्हा लातूरला एका गॅरेजात होतो. उस्मानाबादच्या आय.टी.आय.मधून (आता धाराशिव म्हणायचं) डिझेल मेकॅनिक झालो होतो. प्रमाणपत्र पिशवीत, आणि काम काय, तर पार्ट धुणे. तीन वर्षं पार्ट धुतले. डिझेलच्या घमेल्यात हात. संध्याकाळी भाकरी तोंडाला नेली तरी डिझेलचा वास. मला वाटायचं, जातीमुळंच मला धुवायला ठेवलंय. गॅरेजचे मालक, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो, त्यांच्यावर मनातल्या मनात दात खायचो. पुढं कळलं, चाचांचा सख्खा पुतण्याही चार वर्षं पार्टच धुत होता. म्हणजे तिथं माझा हिशोब चुकला होता. पण त्याच गॅरेजात एका बागायतदारानं त्याच्या नव्या ट्रॅक्टरच्या सीटवर मला बसू दिलं नव्हतं, 'त्या दुसऱ्या पोराला चालवून बघायला सांग' म्हणाला होता. तिथं हिशोब बरोबर होता. दोन्ही लिहून ठेवतो. आपल्या माणसाला दोन्हीतला फरक कळला पाहिजे.

तर मी लातुरात, आणि आण्णानं घाईत तालुक्याच्या एका गॅरेजात क्लच बसवून घेतला. बिलात प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग, मजुरी. चौतीसशे रुपये. बिल आण्णानं बाबासाहेबांच्या फोटोमागं ठेवलं. ते बिल पुढं कामाला आलं.

गाडी गावात आली तो दिवस मी पाहिला नाही, पण इतक्यांनी सांगितला की पाहिल्यासारखाच आहे. चावडीपुढं आण्णानं हौसेनं गाडी थांबवली. पुन्हा निघायला गेला तर गाडी हलेना. इंजिन चालू, गिअर टाकलेला, क्लच सोडलेला, गाडी ढिम्म. चावडीवरचे हसायला लागले. 'आरं, बैल जुपा, बैल!' कुणीतरी ओरडलं. पाच मिनिटं तो तमाशा. मग आमच्यातल्याच एका शाळकरी पोराच्या ध्यानात आलं, की हाय-लोचा धाकटा दांडा मधे, न्यूट्रलवर राहिलाय. मोठा दांडा कुठलाही गिअर दाखवो, धाकटा मधे असला की चाकाला काही पोचत नाही. पोरानं दांडा टाकला, गाडी निघाली. पण हसू झालं ते झालं.

खरं दुखणं दुसऱ्या दिवशी दिसलं. नांगर जोडायला गाडी मागं घ्यावी लागते. रिव्हर्स पडेना. पुढचा गिअरही घासून, ओरडून पडायचा. आण्णा तालुक्याला गेला. मिस्त्रीनं गाडी न बघताच सांगितलं, जुनी गाडी आहे, गिअरबॉक्सचे दाते गेले. खोलायला लागेल.

माझ्याकडं निरोप आला तो एस.टी.च्या कंडक्टरकरवी. 'भावानं बोलावलंय, ट्रॅक्टर मेलाय.' मी चाचांना सांगितलं. चाचांनी हातातलं काम सोडलं नाही. एवढंच म्हणाले, "पैले आँख, फिर कान. पाना सबसे आखिर में." आणि पान्यांची एक जुनी पेटी दिली.

गावात पोचलो तेव्हा मे महिना सरत आला होता. मृगाला पंधरा दिवस नव्हते. लिंबाखाली मॅसी उभा. भोवती अख्खी वस्ती. मयताला जमावं तशी. दोन पोरं तालुक्याला जाऊन मिस्त्रीला तुडवायच्या तयारीत. म्हणलं, तुडवायचं नंतर बघू, आधी काय झालंय ते बघू.

इथं तुम्हाला क्लच समजून घ्यावा लागेल. मी वस्तीला जात्यावर समजावून सांगितला होता, तसाच सांगतो. दोन तळ्या धरा. एक तळी फ्लायव्हील, ती इंजिनाबरोबर फिरतच असते. दुसरी तळी प्रेशर प्लेट, तीही तिच्याचबरोबर फिरते. दोन्हींच्या मधे क्लच प्लेट, भाकरीसारखी चपटी. ती दाबून धरली की त्यांच्याबरोबर फिरते, आणि तिच्या मधल्या खाचांत बसलेला शाफ्ट फिरतो. शाफ्ट गिअरबॉक्सात जातो, तिथून पुढं मागच्या अॅक्सलात आणि चाकाला. पेडल दाबलं की प्रेशर प्लेट मागं सरते, भाकरी मोकळी होते, शाफ्ट थांबतो. शाफ्ट थांबला की गिअर पडतो. शाफ्ट फिरत असताना गिअर टाकायला गेलं की फिरते दाते उभ्या दात्यांवर आदळतात. तोच घर्रर्र. म्हणजे आवाज गिअरबॉक्सात होतो, पण दोष गिअरबॉक्सात असेलच असं नाही. ओरडतो तो मार खाणारा. मारणारा दुसराच असतो.

पहिली तपासणी सगळ्यांसमोर केली. इंजिन बंद. एकेक गिअर टाकला. लोण्यात सुरी. दाते तुटले असते, शिफ्टरचा काटा वाकला असता, तर बंद गाडीतही अडलं असतं. तळाचा बोल्ट सैल करून थोडं गिअर ऑइल तळहातावर घेतलं. काळं होतं, पण त्यात चकचकीत कीस नव्हता. गिअरबॉक्स सुटला. सहा हजार वाचले. आण्णानं इतक्या जोरात श्वास सोडला, की पोरं हसली.

मग पेडल. नव्या प्लेटवर पेडलला थोडा मोकळा खेळ लागतो. जास्त खेळ असला तर पेडल तळाला जाऊनही क्लच पुरता सुटत नाही. अजिबात खेळ नसला तर रिलीज बेअरिंग सारखं घासून जळतं. इथं वीतभर खेळ होता. मिस्त्रीनं दांडी जोडून दिली होती, बसवून दिली नव्हती. दांडीची नट फिरवून खेळ दोन बोटांवर आणला. इंजिन चालू केलं. पुढचा गिअर आता जरा नरम पडला. रिव्हर्स, घर्रर्र.

आण्णा म्हणाला, "अजून आवळ की."

"आवळला तर आज पडंल, पंधरा दिवसांनी बेअरिंग जळंल," मी म्हणलं. त्याला ते पटलं नाही. त्याला नांगर दिसत होता.

पेडल दाबून दहा आकडे मोजले. क्लच सुटला असेल तर शाफ्ट तेलात तीन-चार आकड्यांत थांबतो. दहा झाले. घर्रर्र. वीस मोजले. तोच आवाज. म्हणजे पेडल दाबल्यावरही शाफ्टला कुणीतरी फिरवत होतं. कोण?

हाऊसिंगची तपासणीची झाकणी उघडली, बॅटरी लावली. पेडल आत-बाहेर करायला पोराला बसवलं. प्रेशर प्लेटची तीन बोटं, म्हणजे फिंगर, रिलीज बेअरिंगला एकदम टेकत होती, तिन्ही एका मापात. एखादं बोट मागं-पुढं असतं तर प्लेट तिरपी सुटली असती. तेही नाही. मग प्लेटच वाकली असेल का? दोन भाग जोडताना गिअरबॉक्सचं वजन प्लेटच्या मधल्या बोंडावर लटकू दिलं की नवी कोरी प्लेट वाकते. वाकलेली प्लेट कुठंतरी घासतच राहते. त्यासाठी आम्ही जे केलं ते कुठल्या पुस्तकात नसेल. इंजिन बंद, गाडी पहिल्या गिअरमधे, एकानं पेडल दाबून धरलं, आणि आठ जणांनी मागून ढकलली. प्लेट अडकलेली असती तर आठ जणांना इंजिनाची दाबी फिरवावी लागली असती, आणि ती काय फिरली नसती. गाडी सरकली. लिंबापासून हापशापर्यंत सरकली. पेडल सोडलं, जागच्या जागी थांबली.

म्हणजे प्लेट सुटत होती. तरी इंजिन चालू असताना शाफ्ट फिरत होता.

त्या रात्री मला झोप नाही. लिंबाखाली बाजेवर पडून मी तीन वर्षांत धुतलेले पार्ट आठवत होतो. प्लेट धुवायची नसते, पुसायची. फिंगर, स्प्रिंगा, काटा, नळी. आणि एक बारकं बेअरिंग. क्लचच्या कामात ते नेहमी सगळ्यात शेवटी निघायचं, फ्लायव्हीलच्या पोटातून. शाफ्टचं नाक त्याच्यात टेकलेलं असतं. पायलट बेअरिंग. क्लच जोडलेला असला की त्याला काही काम नाही, कारण शाफ्ट आणि फ्लायव्हील एकाच वेगानं फिरतात. पेडल दाबलं की त्याचं काम सुरू. बाहेरचा गोल फिरतो, आतला थांबतो. ते कोरडं पडून गंजलं, अडकलं, की आतलं-बाहेरचं एकच होतं. मग प्लेट सुटली तरी फ्लायव्हील शाफ्टला नाकाला धरून फिरवत राहतं. जोर थोडाच असतो. आठ माणसं ढकलतात तेव्हा तो जाणवतही नाही. पण दाते आपटायला तेवढा पुरतो. मी धुतलेल्या अशा एका बेअरिंगातून तांबड्या पिठासारखा गंज निघाला होता, आणि चाचा म्हणाले होते, "छोटा है, पर नाक पकडता है."

सकाळी आजीला जात्यावर सांगितलं. ती म्हणाली, "मधली मेख गच्च झाल्यावर वरची तळी अडंलच की. त्याला काय रातभर जागायला लागतंय?"

आण्णानं बिल काढलं. पायलट बेअरिंग, एक नग. लिहिलेलं. पैसे घेतलेले. मला शंका होती, पण खोलल्याशिवाय बोलायचं नाही असं ठरवलं.

ट्रॅक्टर मधून फोडायचा म्हणजे बैलगाडी सोडणं नव्हे. इंजिन एका बाजूला, गिअरबॉक्स आणि मागची चाकं दुसऱ्या बाजूला. पुढचा अॅक्सल मधल्या पिनवर डुलतो, म्हणून आधी त्याच्या दोन्ही अंगांना लाकडी पाचरा ठोकाव्या लागतात. नाही ठोकल्या तर वेगळं झालेलं इंजिन कुशीवर कलंडतं आणि खाली जो असेल तो मरतो. वस्तीत छोट्या रेल्वेचे, बार्शी लाइटचे, दोन जुने स्लीपर पडून होते. कुठून आले ते विचारू नका. ते इंजिनाखाली रचले. जॅक गिअरबॉक्सखाली. वायरी, अॅक्सिलरेटरची दांडी, स्टेअरिंगच्या लांब दांड्या सोडल्या. प्रत्येक बोल्ट काढला की ज्या भोकातला त्याच भोकाच्या नावानं थाळीत ठेवला. थाळ्या बायांनी दिल्या. दुपारपर्यंत मॅसी दोन झाला. मागचा भाग चाकांवर ढकलत नेला.

प्रेशर प्लेट उतरवली. प्लेट सरळ होती, चांगली होती. आणि आत, फ्लायव्हीलच्या पोटात, जुनं काळं बेअरिंग. बोट घातलं. फिरेना. नव्याचे पैसे, जुनंच आत. पोरांनी पुन्हा तालुक्याची वाट धरली. त्यांना आवरता आवरता एक तास गेला. त्यानं आम्हाला जात बघून फसवलं का? मला आजही सांगता येत नाही. तो सगळ्यांनाच फसवत असेल. पण दुसऱ्याला फसवलं तर दुसरा दुसऱ्या मिस्त्रीकडं जातो. आम्हाला जायला दुसरा नव्हता, हे त्याला माहीत होतं.

बेअरिंग निघेना. मागून ठोकायला जागाच नाही. चाचांची रीत होती, भोकात ग्रीस ठासून भरायचं, भोकात नेमका बसेल असा दांडा वर धरून हातोडा मारायचा. ग्रीसला जायला वाट नसते, ते मागून बेअरिंगला ढकलतं. मी ठासलं, मारलं. ग्रीस गोळ्यांच्या फटींतून पिचकारीसारखं माझ्याच तोंडावर. दोनदा, तीनदा. पोरं हसायला लागली. मीही हसलो, दुसरं काय करणार.

काहीतरी घट्ट पाहिजे होतं, जे फटीतून निसटणार नाही. आजी उठून आत गेली. शिळी भाकरी घेऊन आली. पाण्यात भिजवून, कुस्करून, तिचा लगदा केला. "हे घाल."

मी घातला. दांडा धरला. घाव घातला. पुन्हा लगदा, पुन्हा घाव. पाचव्या की सहाव्या घावाला बेअरिंग तसूभर पुढं आलं. आजी शेजारी बसून लगदा हातात देत होती आणि बोलत होती, माझ्याशी नाही, भाकरीशी. म्हणाली, ह्या शिळ्या तुकड्यापायी माझी सासू दारोदार 'भाकर वाढा माय' करत फिरली. पावसात पदराखाली झाकून आणायची. मी तेव्हा मान वर केली नाही. घाव चुकला असता. दहाव्या घावाला बेअरिंग टपकन् खाली पडलं. त्याच्या मागं ज्वारीच्या भाकरीचा पांढरा गोळा.

कळंबला सायकलवर पोरगं पाठवून नंबर वाचून नवं बेअरिंग आणलं. बसवलं, बोटानं फिरवून पाहिलं, चिमूटभर ग्रीस दिलं. जास्त नाही. प्लेटला ग्रीस लागलं की क्लच घसरतो आणि पुन्हा पहिले पाढे. प्लेट मधोमध धरायला बाभळीचा दांडका तासून घेतला. मग जोडणी. सगळ्यात अवघड तेच. मागचा भाग ढकलत आणला, बोटभर फट राहिली. शाफ्टच्या खाचा प्लेटच्या खाचांत बसेनात. आण्णा म्हणाला, "बोल्ट घालून आवळ, येतंय की." मी पहिल्यांदा आण्णावर ओरडलो. बोल्टनं ओढलं की प्लेट मरते. भाच्याला मागं बसवलं, पी.टी.ओ. टाकून त्याचा शाफ्ट हातानं इवला इवला फिरवायला लावला. जॅक केसभर वर, केसभर खाली. दीड तास. अंधार पडला, कंदील आले. मग फट आपोआप मिटली.

सकाळी इंजिन चालू केलं. पेडल. चार आकडे मोजले. रिव्हर्स.

खट्.

तेवढाच आवाज. गाडी मागं गेली आणि नांगराला टेकली.

पाच दिवस आणि चार रात्री नांगर चालला. मृग लागायच्या आत तेवीस एकर उलटं झालं. पाऊस आठ दिवस उशिरा आला, पण आला. वापसा झाल्यावर उडीद, तूर, हायब्रीड पेरलं. तलाठ्याला आम्ही स्वतः रानात नेलं. त्याच्या वहीत पीक लिहिताना दोन साक्षीदार त्याच्या डोक्यावर उभे होते. पुढं अकरापैकी सात घरांचं नियमित झालं. चौघांचं प्रकरण अजून तहसीलच्या फडताळात आहे. त्यातले तिघे मेले, पोरं तारखेला जातात.

आता माझं स्वतःचं गॅरेज आहे, त्याच लिंबाजवळ. 2012 पासून समाजकल्याणची योजना आली, अनुसूचित जाती-नवबौद्धांच्या बचत गटांना मिनी ट्रॅक्टर, साडेतीन लाखांच्या मर्यादेत नव्वद टक्के अनुदान, दहा टक्के गटाचे. चांगली योजना. पण माझ्या दारात असे दोन ट्रॅक्टर उभे आहेत, गटाचे. क्लच बसवून आणले आणि चालत नाहीत म्हणून सोडून दिलेले. गटातल्या एकालाही झाकणी उघडून आत बघायला कुणी शिकवलं नव्हतं. एकाच्या पेडलला नुसता वीतभर खेळ होता. तुम्ही पोरं मोर्चे काढता, अर्ज लिहिता, आरटीआय टाकता. त्यातल्या दोघांनी माझ्याकडं यावं, मी पार्ट धुवायला ठेवीन. तीन वर्षं नाही, तीन महिने.

त्याच 1994 च्या जुलैत एक गोष्ट झाली, ती राहिली सांगायची. ज्याचा नांगर 'मोडलेला' होता, त्याच्या ट्रॅक्टरचा क्लच गेला. त्याचा गडी वस्तीत आला. मालकानं बोलावलंय, वाड्यावर येऊन बघा म्हणाला. वस्तीत त्यावर बैठक बसली. पोरं म्हणाली, जायचं नाही. आण्णा म्हणाला, पैसे घे आणि कर. मी निरोप धाडला, गाडी इथं आणा, लिंबाखाली.

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या ट्रॅक्टरला बांधून गाडी आली. तो स्वतः आला. बाज टाकली, बसला नाही. उन्हात उभा राहिला. पाण्याचा थर्मास घरून आणला होता. मी प्लेट बदलली, पायलट बेअरिंग बदललं, जुनं त्याच्या समोर ठेवलं. पेडलचा खेळ त्याला दाखवला. अडीचशे रुपये मजुरी सांगितली. त्यानं नोटा माझ्या हातात दिल्या नाहीत, बॉनेटवर ठेवल्या. मी हात पुसले आणि मोजल्या. शंभराची एक फाटकी होती. ती परत बॉनेटवर ठेवली आणि म्हणलं, ही चालणार नाही.

त्यानं खिशातून दुसरी काढली.